उमरे साहेबांच्या झिणझिण्या

भारत उमरे यांच्या घरात झिणझिण्या शिरल्या त्या खुशीच्या मोबाईलमधून.

खुशी ही त्यांची एकुलती मुलगी, बारावीला होती. अभ्यासाने डोकं तापलं की ती कानात इअरफोन घालून डोळे मिटून पडायची, आणि पोरगी रसायनशास्त्र ऐकते आहे या समजुतीत उमरे टीव्हीचा आवाज कमी करायचे. एका रविवारी दुपारी त्यांची पत्नी नयन पालक निवडत बसली होती. खुशीने गंमत म्हणून एक इअरफोन आईच्या कानात घातला. मोबाईलमध्ये एक बाई होती. ती कुजबुजत होती आणि कुजबुजता कुजबुजता एका लाकडी डबीवर नखं वाजवत होती. बस, एवढंच. त्यात ना गाणं, ना गोष्ट, ना पाककृती. पण नयनची मान हळूच एका बाजूला कलली, डोळे अर्धे मिटले आणि पालकाची जुडी हातात तशीच राहिली.

“अगं बाई,” ती म्हणाली, “हे तर माह्यावालंच आहे!”

तिच्या टाळूपासून मानेपर्यंत काहीतरी झिरपत उतरलं होतं. झिणझिण्या म्हणाव्यात तर पाय बधिर झाल्यावर येतात तशा नव्हेत, काटा म्हणावा तर भीतीचा नव्हे. खुशीने सांगितलं की याला एएसएमआर म्हणतात, जगभर लोक हे ऐकत बसतात, काहींना होतं आणि काहींना होत नाही.

हे शेवटचं वाक्य उमरेंनी ऐकलं नसतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

उमरे सरकारच्या एका खात्यात वरिष्ठ लिपिक होते. खात्याचं नाव सांगून खात्याचा काही फायदा नाही. यवतमाळात दारव्हा रोडला स्वतःचं घर, दारात स्कूटर, अंगणात कढीपत्ता. आधार कार्ड निघालं तेव्हा पहिल्या रांगेत ते होते, लस आली तेव्हाही होते. जे सगळ्यांना मिळतं ते आपल्यालाही मिळावं, आणि कोणालाच मिळत नसेल तर आपली काही तक्रार नाही, इतकं साधं त्यांचं तत्त्वज्ञान. ‘काहींना नाही’ या वर्गात त्यांनी आजवर पाय ठेवला नव्हता. त्यांनी दोन्ही इअरफोन कानात घातले आणि ताठ बसून ऐकलं. एक बाई घरात शिरली आहे आणि कोणाला जाग येऊ नये अशा बेताने कपाट धुंडाळते आहे, असं त्यांना वाटलं. व्हिडिओ संपेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

“मले तर काहीच नाही झालं,” ते म्हणाले.

“राहू द्या,” नयन म्हणाली. “तुम्हाले नाही व्हायचं ते.”

आता ‘नाही झालं’ आणि ‘नाही व्हायचं’ यांत फरक आहे. पहिल्यात एक रविवार वाया जातो, दुसऱ्यात माणूस. शिवाय नयनने ते भांडणाच्या सुरात म्हटलं नव्हतं. भांडणाच्या सुरात म्हटलं असतं तर उमरेंकडे लग्नापासूनची उत्तरं तयार होती. तिने ते ‘आज नळ नाही आला’ म्हणावं तसं म्हटलं आणि ती पुन्हा पालक निवडू लागली.

गोष्ट शेजारी जायला वेळ लागला नाही. शेजारी म्हणजे विमलताई, अंगणवाडीच्या निवृत्त पर्यवेक्षिका, आणि त्यांचे यजमान बापूजी, जे बँकेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या कामात होते. विमलताईंनी इअरफोन कानाला लावला आणि “बाप्पा बाप्पा!” म्हणत त्या खालीच बसल्या. मग त्यांना आठवलं की आपल्याला हे पूर्वीपासूनच होतं. कपडे शिवणारी शमसुन्निसा ब्लाउजचं माप घेते, टेप खांद्यावरून फिरवते आणि तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटते, तेव्हा.

“मले वाटे बीपी वाढून राह्यला,” विमलताई कळवळून म्हणाल्या. “भेवानं मी तिच्याकडे जाणंच सोडलं नं! किती ब्लाउज शिवायचे राह्यले माये!”

बापूजींना मात्र त्या बाईने काही झालं नाही. उमरेंचा जीव भांड्यात पडला. पण बापूजी थोडा विचार करून म्हणाले, “मले ह्यानं नाही होत. मले कोंबडी माती उकरते ना, त्यानं होते. लहानपणी आजोळी गेलतो, तं दिवसभर कोंबडीपाशीच बसून राह्यलो. मामा म्हणे, पोरगं भोळं निघालं.”

म्हणजे बापूजीही गेले. कॉलनीत ज्याला त्याला आपापलं सापडू लागलं. कोणाला सुपात तूर पाखडल्याने व्हायचं, कोणाला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासताना व्हायचं. एका गृहस्थांना सत्यनारायणाच्या पोथीने व्हायचं, कथेने नव्हे, गुरुजी पान उलटण्याआधी बोट ओलं करतात त्या आवाजाने. त्यांचा आजवर असा समज होता की आपण धार्मिक आहोत. आणि भेटेल तो उमरेंना नमस्काराच्या आधी विचारू लागला, “काय भाऊ, झालं का मग काही?” हा प्रश्न त्यांना याआधी फक्त लग्नानंतरची पहिली दोन वर्षं विचारला गेला होता.

सल्ले आले. विमलताई म्हणाल्या, कानात मळ असेल, तिळाचं तेल कोमट करून घाला. तेल घातलं. कानात दडे बसले आणि दोन दिवस उमरेंना कोणतेच आवाज आले नाहीत, सुखद किंवा इतर. बापूजी म्हणाले, “डोक्यात जे होते ते पोटातून होते. एरंडेल घ्या.” एरंडेलही घेतलं. त्याने जे झालं ते झिणझिण्यांच्या कोणत्याही व्याख्येत बसत नव्हतं.

मग मन्सूर. मन्सूरचं सलून चौकात होतं आणि मत प्रत्येक विषयात होतं. त्याने उमरेंचं डोकं दोन्ही हातांत धरून, गिऱ्हाईक कलिंगड पारखतं तसं ठोकून पाहिलं.

“साहेब, सर्किट जाम आहे,” त्याने निदान केलं. “घरात बसून कानात वाजवल्यानं काय होते? इथं मेहनत लागते. बसा.”

मन्सूरने तेल ओतलं, थापट्या मारल्या, कानाच्या पाळ्या ओढल्या, आणि उमरे जरा सैल पडले न पडले तोच त्यांची हनुवटी धरून मान खटकन फिरवली. आवाज साऱ्या सलूनने ऐकला.

“आला का करंट?” मन्सूरने आशेने विचारलं.

करंट आला होता. तो मानेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात गेला आणि तिथेच राहिला. हाडांच्या डॉक्टरने गळ्यात पट्टा घातला आणि आठवडाभर घरी बसायला सांगितलं. उमरे स्कूटर मन्सूरच्या दारात ठेवून ऑटोने घरी आले. मान वळत नसल्यामुळे त्यांना अख्ख्या अंगानिशी वळावं लागे, आणि त्यामुळे साधं “पाणी दे” म्हणतानाही ते सभेत भाषणाला उभे राहिल्यासारखे दिसत.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी नयन त्यांच्या खांद्याला शेक देत होती. उमरेंनी समोरच्या भिंतीकडे पाहत, कारण दुसरीकडे पाहता येत नव्हतं, तिला विचारलं, “पण ते असते तरी कसं? एकदा नीट समजावून सांग मले.”

नयनने शेकाची पिशवी जरा सरकवली. मग म्हणाली, “आम्ही राजूरले होतो ना, खाणीच्या वसाहतीत. बाबा ड्युटीवरून आले की हातपाय धुवून सुपारी कातरत बसत. एकदम बारीक, एकदम सावकाश. मी आडकित्त्याजवळ तोंड नेऊन बसो. डोक्यातून असं काही उतरे की उठूच वाटत नसे. आई हाका मारून थके.”

“मग हे कधी बोलली काहून नाही?”

“बोलली होती. आपल्या लग्नाच्या पहिल्या वर्षी. तुम्ही म्हणाले, रक्त कमी असन, लोहाच्या गोळ्या घे.”

उमरेंनी आठवून पाहिलं. गोळ्या आठवल्या, त्या चांगल्या कंपनीच्या होत्या. बाकी काही आठवलं नाही.

“मग?”

“मग काय,” नयन शेकाची पिशवी उचलत म्हणाली. “रक्त वाढलं.”

एवढं झाल्यावर दुसरा माणूस गप्प बसला असता. उमरेंना वाटलं, आता तर हे तज्ज्ञाला दाखवलंच पाहिजे. गळ्यात पट्टा अडकवून ते कानाच्या डॉक्टर फरहांकडे गेले. डॉक्टर फरहांनी कानात उजेड पाडून पाहिलं, काचेच्या खोलीत बसवून टूं टूं ऐकवलं आणि सांगितलं, “तुमचे कान एकदम उत्तम आहेत. हे कोणाला होतं, कोणाला होत नाही. ज्यांना होतं त्यांनाही सगळ्यांना एकाच आवाजाने होत नाही. हा आजार नाही, त्यामुळे औषधही नाही.”

“म्हणजे मी नॉर्मल आहे?”

“पूर्णपणे.”

“तसं लिहून द्या.”

डॉक्टर फरहांनी लिहून दिलं. दोष त्यांचा नव्हे. त्यांनी छापल्यासारख्या सुरेख अक्षरात लिहिलं: ‘श्रवणशक्ती सामान्य. विशिष्ट आवाजांनी होणारी सुखद संवेदना अनुपस्थित. उपचाराची गरज नाही.’ हा कागद उमरेंनी घरी नयनला दाखवला. तिने तो वाचला आणि “बरं” म्हणून परत दिला. मग रजेचा अर्ज करताना, मिळालेला प्रत्येक कागद जोडायचा या वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांनी हाडांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीमागे हाही जोडला.

आस्थापना शाखेत अर्पिता मॅडम होत्या. हाडांच्या डॉक्टरचं अक्षर त्यांना लागेना. फरहांचं लागलं. मॅडमनी एका शब्दाखाली लाल रेघ मारली आणि टिपणी लिहिली: ‘सदर कर्मचाऱ्याच्या संवेदना अनुपस्थित असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्रावरून दिसून येते. सबब सदर कर्मचारी कर्तव्यावर ठेवण्यास पात्र आहे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.’

उमरेंनी मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून, गळ्यातल्या पट्ट्यासकट, सुखद या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. मॅडम म्हणाल्या, “सर, मले पटते. पण टिपणी वर गेली नं. आता ती खाली आल्याशिवाय मले समजून घेता येत नाही.”

टिपणी खाली आली ती तीन डॉक्टरांच्या मंडळाचा हुकूम घेऊन. मंडळाने उमरेंना बनियनवर बसवलं. गुडघ्यावर हातोडी मारली, तळपायाला टाचणी लावली, दंडाला आधी गरम आणि मग गार नळी टेकवली.

“टोचलं?”

“टोचलं.”

“गरम लागलं?”

“लागलं.”

“मग अनुपस्थित काय आहे?”

“सुखद,” उमरे म्हणाले.

मंडळातल्या सर्वांत वयस्कर डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बाकीच्या दोघांकडे पाहिलं. “सुखद तं आम्हालेही होऊन जमाना झाला,” ते म्हणाले. “त्यासाठी मंडळ बसते हे माहीत नव्हतं.” मग तिघांनी मिळून शेरा दिला की कर्मचारी कामासाठी सक्षम असून, संवेदनांबाबतचा अभिप्राय राखून ठेवण्यात येत आहे.

तो अभिप्राय राखलेलाच राहिला, पण कचेरीने तो केव्हाच देऊन टाकला. आवक-जावकचा एक बहाद्दर बोलता बोलता उमरेंना चिमटा काढून पाहू लागला. कँटीनमध्ये चहा गार आहे अशी त्यांनी तक्रार केली तर कोणीतरी मागून म्हणालं, “साहेबाले कसं समजलं?” आणि एक दिवस वरिष्ठांनी, राठोड साहेबांनी त्यांना आत बोलावलं. हिरासिंग राठोड मनाने वाईट नव्हते, फक्त प्रत्येक माणसाचा उपयोग शोधायचे.

“उमरे, कायले तोंड पाडून बसता?” ते म्हणाले. “आपला तक्रार निवारण कक्ष माहीत आहे ना? तिथं मी आजवर ज्याले बसवलं तो टिकला नाही. एकजण लोकाईसंग रडत बसे. एकजण त्याईच्या अंगावर धावून जाये. तिसरा स्वतःच तक्रार टाकून गेला. तिथं मले असाच माणूस पाहिजे होता.”

“कसा, साहेब?”

“तुमच्यासारखा,” राठोड साहेब मायेने म्हणाले आणि त्यांनी सही केली.

तक्रार निवारण कक्ष व्हरांड्याच्या टोकाला, स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून होता. एक टेबल, एक बाक, एक घरघरणारा पंखा. उमरे सकाळी येऊन बसत आणि लोक आपापलं दुःख टेबलावर आणून ओतत. ते मान हलवत (पट्टा आता निघाला होता), “पाहतो” म्हणत आणि कागद पुढे सरकवत. पंचवीसएक वर्षांच्या स्वच्छ नोकरीचं हे फळ. घरी बायको म्हणते तुम्हाले नाही व्हायचं, कचेरीत साहेब म्हणतात तुमच्यासारखाच पाहिजे होता. दोघं एकच सांगत होती, आणि त्यांतलं कोणीही रागावलेलं नव्हतं, याचा उमरेंना सर्वांत जास्त राग येई.

दिवाळीच्या आधी एक दिवस वीज गेली. पंखा थांबला. बाकावर एक म्हातारी एकटीच बसली होती, ती उठून टेबलाशी आली.

तिचं नाव धनीबाई. दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची. तिचा नवरा धावजी खात्याच्या दारव्ह्याच्या गोदामावर चौकीदार होता आणि मागल्या साली वारला होता. खात्याच्या दप्तरात त्याचं नाव ‘धावजी’ होतं, आधार कार्डावर ‘धाऊजी’, आणि या एका अक्षरापायी तिची पेन्शन सुरू होत नव्हती. दोन्ही माणसं एकच, असा शेरा तक्रार निवारण कक्षाने मारून सही करून पाठवायचा होता. सही म्हणजे उमरेंची.

धनीबाईचा घसा कधीतरी बसला होता तो उघडलाच नव्हता. ती बोलायची ती कुजबुजल्यासारखी. तिने ओटीतून एक पॉलिथिनची पिशवी काढली, तिची गाठ नखाने हळूहळू सोडवली. आत दुसरी पिशवी होती. तिचीही गाठ सोडवली. मग एकेक कागद काढून, टेबलावर ठेवून, तळहाताने त्याच्या घड्या सपाट करत ती सांगू लागली, “हे त्याचं आधार... हा मेल्याचा दाखला... हे गोदामाचं ओळखपत्र, याच्यात तो जवान हाये... हे माहं...”

आणि उमरेंच्या टाळूवर काहीतरी फुटलं.

ते फुटलं आणि हळू हळू खाली उतरू लागलं, कानांच्या मागून, मानेतून, जिथे मन्सूरने कायमची कळ ठेवून दिली होती तिथून, पाठीच्या कण्यावरून. उमरेंनी टेबलाची कड धरली. त्यांना लहान मुलासारखं रडू येईल की हसू हे कळेना. म्हातारी कुजबुजत होती, पॉलिथिन चुरचुरत होतं, तळहात कागदावरून सरकत होता, आणि भारत उमरे या माणसाला, जन्मात पहिल्यांदा, झालं.

सगळे कागद बरोबर होते. शेरा मारायला चार ओळी लागल्या असत्या.

“आजी,” उमरेंच्या तोंडून निघालं, “ह्या दाखल्यावरचा शिक्का पुसट आहे. नवा घेऊन पुढच्या आठवड्यात या.”

त्यांनी शिक्क्याकडे पाहिलंही नव्हतं. मागाहून पाहिलं तर तो खरोखरच जरासा पुसट होता, आणि त्यांना बरं वाटलं.

धनीबाई पुढच्या आठवड्यात आली. यावेळी वीज होती, म्हणून उमरेंनी पंखा बंद केला. गाठ सुटली, कागद निघाले, झिणझिण्या उतरल्या. ओळखपत्राची झेरॉक्स साक्षांकित नव्हती. त्यापुढच्या खेपेला तलाठ्याचा दाखला जुना झाला होता. त्यानंतर पोलीस पाटलाचं पत्र हवं होतं. यातला एकही आक्षेप खोटा नव्हता. सरकारी कामात खरा आक्षेप शोधायला कष्ट पडत नाहीत. आणि दर आक्षेपागणिक पिशवीतले कागद वाढत होते, म्हणजे ते काढून दाखवायला वेळही जास्त लागत होता. उमरेंना हे दिसत नव्हतं असं नाही. ते म्हणायचे, पुढच्या खेपेला करून टाकू. म्हातारीचं काम आपण करणारच आहोत. नाही म्हटलंय कुठे?

घरी ते शिपायाची नजर चुकवून आणलेली कचेरीतली पॉलिथिनची पिशवी कानाशी धरून चुरगाळून पाहत. काही होत नसे. नुसत्या पिशवीने नव्हतं होत, आणि नुसत्या कुजबुजीनेही नव्हतं होत. धनीबाईच लागायची. एकदा खुशीने त्यांना तसं पिशवी चुरगाळताना पाहिलं आणि ती दार ओढून परत गेली.

नयनला सांगावं असं रोज वाटे. स्कूटरवरून येताना ते वाक्य जुळवत: नयन, मले झालं. पण ती विचारणार, कशानं? मग ते वाक्य ते पुन्हा खिशात घालत. मात्र त्यांचा चेहरा उजळला होता. भाजीत मीठ कमी असलं तरी ते जेवत. नयन म्हणालीसुद्धा, “तक्रारीत बसवल्यापासून बरे दिसून राह्यले तुम्ही.”

तुरीच्या शेंगा भरल्या आणि एका रविवारी दुपारी, घर विचारत विचारत, विमलताईंनी बोट दाखवलेल्या फाटकातून धनीबाई आत आली. डोक्यावर ओल्या शेंगांची थैली. उमरे खुर्चीत पेपर वाचत होते. नयनने तिला पाणी दिलं, चहा ठेवला, पाटावर बसवलं.

“बाई, तुमचा मालक देवमाणूस हाये वं,” धनीबाई आपल्या त्या बसलेल्या आवाजात म्हणाली. “मी लय कचेऱ्या पाह्यल्या. कोनी मान वर करून पाहत नाही. हे साहेब पंखा बंद करते, डोळे मिटते अन् माहं ऐकते. आख्खं ऐकते. माह्या धावजीनं बी मले असं कधी नाही ऐकलं.”

नयनने नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात कौतुक होतं. तसं तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि उमरेंना पेपर खाली ठेवता येईना की वर धरता येईना.

“मग काम झालं का तुमचं?” नयनने विचारलं.

“होईन नं आता. दर खेपेले एखादा कागद कमी पडते. माहीच चूक. अडाणी हाओ मी. येवढ्या खेपा एसटीनं आली, तं साहेब थकले असन ऐकून ऐकून. म्हटलं शेंगा तरी नेऊन द्याव. तुम्हीच पाहा बाई, आता काय राह्यलं याच्यात.”

आणि तिने ओटीतून पिशवी काढली.

उमरेंनी ठरवलं, ऐकायचं नाही. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. चतुर्थी कधी आहे ते पाहिलं. गाठ नखाने सुटत होती. त्यांनी अमावस्या कधी आहे ते पाहिलं. दुसरी गाठ सुटली. “हे त्याचं आधार...” धनीबाई नयनला सांगू लागली, “हा मेल्याचा दाखला, नव्या शिक्क्याचा... हे पाटलाचं...” तळहात कागदावरून सरकला.

डोळे उघडले तेव्हा नयन त्यांच्याकडेच पाहत होती. मान किती कलते आणि पापण्या कुठवर उतरतात, हे त्या घरात तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

तिने धनीबाईच्या हातून कागद घेतले आणि नवऱ्यासमोर ठेवले.

“काय कमी आहे यात?”

“तसं काही नाही,” उमरे म्हणाले.

“मग काय पाहिजे?”

“शेरा. अन् सही.”

“कोणाची?”

उमरेंना खोकला आला. “माही.”

नयन आतून पेन घेऊन आली.

“अगं, आज रविवार आहे. कचेरीचा शिक्का—”

“शिक्का उद्या मारा. सही आज करा.”

उमरेंनी चार ओळी लिहिल्या आणि सही केली. धावजी आणि धाऊजी एकच झाले. नयनने त्या ओळी धनीबाईला वाचून दाखवल्या, पुन्हा एकदा वाचून दाखवल्या. म्हातारी उठली आणि उमरेंच्या पाया पडायला वाकली. त्यांनी पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण मागे भिंत होती.

“माह्या आयुष्याचं सोनं केलं साहेब,” ती म्हणाली. कागद मात्र शिक्क्यासाठी घरी ठेवून ती रिकाम्या पिशवीची घडी करत फाटकाबाहेर पडली. नयन तिला ऑटोत बसवून आली, बसस्टँडपर्यंतचं भाडं देऊन.

खुशी क्लासला गेली होती, घरात दोघंच राहिली. नयनने थैलीतल्या शेंगा परातीत ओतल्या आणि त्यांच्यासमोर नुसतीच बसली.

“नयन, मले झालं,” उमरे शेवटी म्हणाले. “खरंच झालं. टाळूपासून. तू सांगत होती अगदी तसंच.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

“अन् तेव्हापासून ती दारव्ह्याहून येऊन राह्यली.”

“मी करणारच होतो तिचं. पुढच्या खेपेले.”

नयनने एक शेंग उचलली, सोलली नाही, परत ठेवली.

“कसं वाटलं?” तिने विचारलं.

उमरेंना हा प्रश्न इतका मऊ वाटला की ते फसले. “चांगलं वाटलं,” ते म्हणाले. “लय चांगलं वाटलं, नयन.”

“हो. वाटते तसं.” ती परात घेऊन उठली. “इतकी वर्षं मी स्वतःले समजावत होती की तुम्हाले काही होतच नाही, मग तुमच्यावर रागावून काय फायदा. आता ते बी गेलं.”

ती परात घेऊन फाटकाबाहेर गेली. विमलताई कठड्यावरून वाकून विचारत होत्या, “काहून वं नयन, एवढ्या कोवळ्या शेंगा, अन् साऱ्याच्या साऱ्या आम्हाले?”